डोळ्यांत तेल घालून
(आगमनकाळाचा पहिला रविवार)



आज आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ख्रिस्तसभेचे नवे उपासनावर्ष सुरू होत आहे. हे ‘ब’ वर्ष असल्याने पुढील वर्षभर बहुतेक रविवारी आपण संत मार्कचे शुभवर्तमान ऐकणार आहोत. आजचा उतारा छोटा आहे, अवघ्या पाच वचनांचा (मार्क १३:३३-३७). परंतु या पाच वचनांत जागे राहण्याची गोष्ट प्रभू चार वेळा काढतो. एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागते, तेव्हा ऐकणारा पेंगुळलेला असतो, किंवा गोष्ट फार महत्त्वाची असते. येथे दोन्ही खरे असावे!

जागे राहा, सावध राहा, असे सांगण्यासाठी इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, ‘कीप युवर आईज पील्ड’. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो ठाऊक असेल. ‘पील’ म्हणजे सोलणे, साल काढणे. शब्दाला शब्द ठेवून मराठी केले तर होईल, ‘डोळे सोलून ठेवा’. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. कांदा सोलताना डोळ्यांचे काय होते हे आपल्या मायबहिणींना माहीत आहे. येथे तर डोळेच सोलायचे!

पण त्यामागची कल्पना साधी आहे. फळावर साल असते, तशी डोळ्यावर पापणी असते. ती मिटली की डोळा झाकला जातो. तेव्हा ते आवरण दूर करा, डोळा उघडा ठेवा, एवढाच त्याचा अर्थ. हा वाक्प्रचार अमेरिकेतला. १८३०च्या दशकात तेथील लोक याच अर्थाने ‘आईज स्किन्ड’ म्हणजे कातडे काढलेले डोळे असे म्हणत, आणि पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ‘पील्ड’ हा शब्द रूढ झाला. लंडनच्या पोलीस दलाची स्थापना १८२९ साली सर रॉबर्ट पील यांनी केली, म्हणून त्यांच्या नावावरून हा शब्द आला, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट मजेदार आहे, पण भाषेचे अभ्यासक तिला दुजोरा देत नाहीत. साल काढण्याचा साधा अर्थच खरा.

हा वाक्प्रचार वापरण्याची रीत मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. गाडी चालवणारा शेजारच्याला म्हणतो, वळणाच्या पाटीसाठी डोळे उघडे ठेव. जत्रेत आई थोरल्याला सांगते, धाकट्यासाठी डोळे उघडे ठेव. म्हणजे ‘कशासाठी’ हे त्यात बहुधा असतेच. नुसते डोळे ताणून बसणे म्हणजे जागे राहणे नव्हे. निद्रानाश झालेला माणूसही रात्रभर जागा असतो, पण तो कोणाची वाट पाहत नसतो. जागेपणाला कारण लागते, आणि बहुतेक वेळा ते कारण म्हणजे एखादी व्यक्ती असते.

आपल्या मायमराठीत हीच गोष्ट अधिक हळुवारपणे सांगितली आहे. आपण म्हणतो, ‘डोळ्यांत तेल घालून’. आजारी लेकराच्या उशाशी आई डोळ्यांत तेल घालून बसते. इंग्रजीने डोळ्याचे फळ केले आणि त्याची साल काढली. मराठीने डोळ्याचा दिवा केला आणि त्यात तेल घातले. दिव्याचे हे बोलणे ऐकताच आपल्याला प्रभूने सांगितलेला दहा कुमारींचा दाखला आठवतो (मत्तय २५:१-१३). तो दाखला नीट वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपी गेल्या, शहाण्यासुद्धा! फरक झोपेत नव्हता, तेलात होता. देह थकतो, पापणी मिटते, ते देवाला ठाऊक आहे. प्रश्न असा की हाक आली तेव्हा आपल्या दिव्यात काही शिल्लक आहे का?

बंधू-भगिनींनो, आमच्या मते आज आपल्या धर्मग्रामात सावधपणाची उणीव नाही. उलट, इतका सावधपणा पूर्वी कधी नसेल. फाटकाला कुलूप आहे, भिंतीवर कॅमेरा आहे, मोबाइलला पासवर्ड आहे. सावध राहायला हवेच, त्यात गैर काही नाही. शिष्यांना पाठवताना प्रभूनेही त्यांना सापाची चतुराई आणि कबुतराचा भोळेपणा दोन्ही सोबत ठेवायला सांगितले होते. ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊन वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुबाडणारे लोक आज फोनवरून आपल्या घरात शिरतात. असा अटकेचा कोणताही प्रकार आपल्या कायद्यात नाही, हे प्रत्येक घरातील आजी-आजोबांना समजावून सांगणे हेसुद्धा पहाऱ्याचेच काम आहे. पण येथे थोडा विचार करू या. हे ठग कोणाला गाठतात? जो एकटा आहे, ज्याला ‘थांबा, आधी मुलाला विचारतो’ असे म्हणण्याची सोय नाही, अशाला. म्हणजे कुलूप आणि कॅमेरा असूनही घर राखले गेले नाही, कारण त्या माणसाकडे कोणाचे लक्ष नव्हते.

मराठीत दोन शब्दप्रयोग आहेत. ‘एखाद्यावर नजर ठेवणे’ आणि ‘एखाद्याकडे लक्ष देणे’. दोन्हींत डोळे उघडेच असतात, पण दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक आहे. शेजारच्याकडे नवीन गाडी आली, कोणाची मुलगी कोणाबरोबर दिसली, कोण मिस्साला उशिरा आले, यावर आपली नजर बरोबर असते. परंतु पुढच्या बाकावर नेहमी बसणाऱ्या आजी तीन रविवार दिसल्या नाहीत, हे किती जणांच्या लक्षात येते? आळीतला एखादा तरुण नोकरी गेल्यापासून संध्याकाळी घराबाहेर पडत नाही, हे कोणाला दिसते? एखाद्या घरात दारूमुळे रात्री काय चालते ते साऱ्या आळीला ऐकू जाते. सकाळी त्या बहिणीची विचारपूस करायला कोण जाते? नजर ठेवणाऱ्याला दुसऱ्याची चूक सापडते. लक्ष देणाऱ्याला दुसऱ्याची गरज दिसते. प्रभूने आपल्याला नजर ठेवायला सांगितलेले नाही.

ख्रिस्तपूर्व पाचशेच्या सुमारास हेराक्लायटस नावाचा एक ग्रीक तत्त्वज्ञ होऊन गेला. त्याचा एक विचार मोठा मार्मिक आहे. जागे असलेल्या माणसांचे जग एकच, सर्वांचे मिळून असते. झोपलेला प्रत्येक जण मात्र आपापल्या वेगळ्या जगात जातो, असे तो सांगतो. एका खोलीत चार माणसे झोपली असली तरी चौघांची स्वप्ने चार. या विचाराच्या उजेडात आपण आपल्या घरातली रात्री नवाची वेळ पाहू या. चार माणसे, चार मोबाइल, चार जगे. डोळे सताड उघडे आहेत, पण हेराक्लायटसच्या हिशेबाने सगळे झोपलेले आहेत! जेव्हा कोणीतरी मोबाइल बाजूला ठेवतो आणि विचारतो, “आई, आज तुझा गुडघा कसा आहे?” तेव्हा त्या घरातला पहिला माणूस जागा होतो.

शुभवर्तमानातील ‘जागे राहा’ या शब्दासाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘ग्रेगोरेइते’. त्याच धातूपासून ‘ग्रेगरी’ हे नाव आले. म्हणजे ग्रेगरी याचा अर्थ ‘जागा असलेला’. आपल्याकडे ग्रेगरी नावाची कितीतरी माणसे आहेत, त्यांनी आपल्या नावाचा अर्थ आज घरी जाऊन सर्वांना सांगावा. इ.स. ५९० ते ६०४ या काळात पोपपदावर असलेले संत ग्रेगरी महान यांनी यहेज्केल संदेष्ट्यावर प्रवचने दिली. देवाने यहेज्केलला आपल्या लोकांचा पहारेकरी नेमले होते. संत ग्रेगरी म्हणतात, पहारेकऱ्याने उंचावर उभे राहायला हवे, म्हणजे त्याला दूरचे दिसेल. आणि पुढे ते असेही कबूल करतात की, हे बोलताना माझेच शब्द मला दोषी ठरवतात, कारण माझ्या जीवनाला ती उंची नाही. एवढ्या मोठ्या संताचे हे उद्गार. तेव्हा पहारा हे केवळ धर्मगुरूंचे काम असे कोणी समजू नये, आणि आपल्याला तो उत्तम जमतो असेही कोणी समजू नये.

आजच्या दाखल्यात घरधनी परदेशी जाताना प्रत्येक चाकराला त्याचे त्याचे काम नेमून देतो आणि द्वारपाळाला जागे राहायला सांगतो. प्रत्येकाला त्याचे काम, हे शब्द सोडून चालणार नाही. प्रभूची वाट पाहायची म्हणजे काम टाकून आकाशाकडे बघत बसायचे नाही. थेस्सलनीकातील काही ख्रिस्ती लोक प्रभूच्या पुनरागमनाच्या चर्चेत आपला कामधंदा सोडून बसले होते. संत पौलाने त्यांना चांगलेच खडसावले, ज्याला काम नको त्याला जेवणही नको, असा नियम सांगितला. जगाच्या अंताच्या तारखा अधूनमधून फिरत असतात. २१ डिसेंबर २०१२ या तारखेने किती जणांची झोप उडवली होती, ते आठवावे. तो दिवस आला आणि गेला. त्या दिवसाची आणि घटकेची कोणालाही माहिती नाही, असे प्रभूने आजच्या उताऱ्याच्या आदल्याच वचनात स्पष्ट केले आहे. तारीख शोधणे हा सावधपणा नव्हे, तो सावधपणा टाळण्याचा मार्ग आहे. तारीख कळली की आदल्या रात्रीपर्यंत झोपायला आपण मोकळे!

प्रभूने तारीख सांगितली नाही, पण चार वेळा सांगितल्या आहेत. घरधनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री येईल, कोंबडा आरवताना येईल, की पहाटे येईल? रोमी लोक रात्रीचे असे चार पहारे करीत. आपल्याकडेही रात्रीचे चार प्रहर मानतात, आणि ‘पहारा’ हा शब्द या ‘प्रहर’ शब्दावरूनच आला आहे. आता संत मार्कचे पुढचे दोन अध्याय उघडून पाहा. संध्याकाळी प्रभू बारा शिष्यांसह भोजनाला बसला, तेव्हा त्यांच्यातील एकाच्या मनात विश्वासघात होता. रात्र चढली, गेथसेमनी बागेत प्रभू रक्तबंबाळ होण्याच्या वाटेवर उभा होता, तेव्हा तिघे जिवलग झोपले होते. कोंबडा आरवला, तेव्हा पेत्राने आपल्या गुरूला तिसऱ्यांदा नाकारले होते. पहाट झाली, तेव्हा प्रभूला बांधून पिलाताच्या हवाली करण्यात आले, आणि शिष्यांपैकी कोणी जवळ नव्हते. घरधनी चारही प्रहरी आला, आणि चारही प्रहरी चाकर झोपलेले सापडले.

मग त्या घरधन्याने काय केले? त्यांना कामावरून काढले का? नाही. बागेत तो तीन वेळा त्यांच्याजवळ परत आला. आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त असतो, हे त्याने ओळखले. आणि ते झोपले असताना त्यांच्यासाठी तो एकटा जागा राहिला. बंधू-भगिनींनो, आपल्या श्रद्धेचा गाभा येथे आहे. आपण जागे राहतो म्हणून देव येतो असे नाही. देव जागा आहे म्हणून आपल्याला जागे राहता येते. इस्राएलचा राखणदार डुलकीही घेत नाही, असे एकशे एकविसावे स्तोत्र सांगते. निर्गमाच्या पुस्तकात तर त्याहून सुंदर गोष्ट आहे (निर्गम १२:४२). मिसर देशातून लोकांना बाहेर काढताना ती रात्र प्रथम परमेश्वराने जागून काढली, आणि म्हणून लोकांनी पिढ्यानपिढ्या ती रात्र त्याच्यासाठी जागवायची. पास्काच्या पूर्वरात्री मेणबत्त्या हातात घेऊन आपण जे जागरण करतो, त्याचे मूळ हेच. आपले जागरण ही परतफेड आहे.

यिर्मया संदेष्ट्याला देवाने पाचारण केले तेव्हा विचारले, तुला काय दिसते? तो म्हणाला, बदामाची फांदी. देवाने त्याला शाबासकी दिली आणि आपण आपल्या शब्दावर जागा आहोत असे सांगितले (यिर्मया १:११-१२). मराठीत यात काही संगती लागत नाही. पण हिब्रू भाषेत बदामाला ‘शाकेद’ म्हणतात आणि जागणाऱ्याला ‘शोकेद’. पवित्र भूमीत हिवाळा सरत असताना इतर झाडे झोपलेली असतात तेव्हा बदाम सर्वांत आधी फुलतो. जागा असलेला देव असा फुलतो. त्याच्या जागेपणात धाक नाही, येणाऱ्या ऋतूची चाहूल आहे.

म्हणूनच ख्रिस्ती माणसाचा सावधपणा चोराच्या भीतीने जागणाऱ्या माणसासारखा नसावा. तो शेवटच्या विरार लोकलने येणाऱ्या मुलासाठी ओटीवरचा दिवा चालू ठेवणाऱ्या आईसारखा असावा. तिलाही झोप येते, तीही दमलेली असते. पण मराठीत आपण म्हणतो तसे तिचे ‘डोळे वाटेकडे लागलेले’ असतात. अशा डोळ्यांना दुरूनही माणूस ओळखू येतो. यरुशलेमच्या मंदिरात त्या काळी कितीतरी आई-वडील आपले पहिले मूल घेऊन येत असतील. मरिया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन आले तेव्हा त्याला कोणी ओळखले? शिमोन आणि हन्ना यांनी. हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा होती. नजर अधू झाली असेल, पण डोळ्यांतले तेल संपले नव्हते. आपल्या धर्मग्रामातील वयोवृद्धांनी ही गोष्ट मनात जपावी. गुडघ्यांनी साथ सोडली, चर्चला येणे जमत नाही, आता आपला काय उपयोग, असे म्हणू नये. आळीसाठी प्रार्थना करीत जागणारा एक म्हातारा जीव, हा त्या आळीचा द्वारपाळ असतो.

आगमनकाळाच्या चार रविवारी आपण चार मेणबत्त्या पेटवणार आहोत. रात्रीचे प्रहरही चार. तेव्हा प्रत्येक आठवड्याला एक प्रहर असा पहारा आपण वाटून घेऊ या.

पहिला आठवडा संध्याकाळचा. रोज रात्री जपमाळेपूर्वी घरातील सर्व मोबाइल एका ठिकाणी ठेवू या. जपमाळेनंतर दहा मिनिटे तरी एकमेकांशी बोलू या. रागावण्यासाठी नव्हे, विचारपूस करण्यासाठी.

दुसरा आठवडा मध्यरात्रीचा. रात्री जे जागे असतात त्यांची आठवण करू या. आजारी, रात्रपाळीच्या परिचारिका, पोलीस, रेल्वे कर्मचारी, पहाटेच भाजी-फुले घेऊन बाजाराची गाडी पकडणारे आपले शेतकरी बंधू-भगिनी, समुद्रावर असलेले कोळी बांधव. प्रत्येक कुटुंबाने आपल्या आळीतील एका आजारी किंवा एकट्या व्यक्तीला या आठवड्यात भेट द्यावी. २०२० साली टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद होते, तेव्हा आपण फोन करून एकमेकांची खुशाली विचारत होतो. दरवाजे उघडल्यावर ते विचारणे थांबायला नको होते.

तिसरा आठवडा कोंबडा आरवण्याचा. पेत्राला कोंबड्याच्या आवाजाने जाग आली आणि तो रडला. ते रडणे हेच त्याचे खरे जागे होणे. या आठवड्यात पापनिवेदनाला या. नाताळच्या आदल्या दिवशीची गर्दी होईपर्यंत थांबू नका. ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याशी बोला. जमिनीच्या बांधावरून, वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ एकाच मिस्सात दोन टोकांना बसतात, हे दृश्य गव्हाणीसमोर शोभत नाही.

चौथा आठवडा पहाटेचा. रात्र कितीही लांबली तरी पहाट होतेच, हे आपण दुसऱ्याला सांगायचे आहे. निराश झालेल्या एका तरी माणसाला नाताळच्या जेवणाला आपल्या घरी बोलवा. रिकामी खुर्ची ठेवण्यापेक्षा ती भरलेली बरी.

आजच्या पहिल्या वाचनात यशया संदेष्टा देवाला आकाश फाडून खाली येण्याची विनवणी करतो. देवाने ती विनवणी ऐकली. बेथलेहेमच्या त्या रात्री आकाशाचा पडदा बाजूला झाला, आणि तो कोणाला दिसला? रात्रीच्या प्रहरी आपले कळप राखीत जाग्या असलेल्या मेंढपाळांना. ते काही मोठे साधक नव्हते. ते आपले नेमून दिलेले काम करीत होते, आणि त्यांना सोपवलेल्या जिवांकडे लक्ष देत होते. तेवढे आपल्यालाही करता येईल.

पवित्र मरिया मातेने नऊ महिने ज्याची वाट पाहिली, तो प्रभू आपल्या घराच्या दारी येईल तेव्हा आपण जागे असू, आणि आपल्या शेजाऱ्यालाही आपण हलवून जागे केलेले असेल, अशी कृपा देव आपणा सर्वांना देवो. आगमनकाळाच्या आपणा सर्वांना प्रार्थनापूर्वक शुभेच्छा!

ख्रिस्तात आपले,
प्रमुख धर्मगुरू